संरक्षक भिंत पावसाळ्यातच का कोसळते? पिंप्राळ्याच्या काळ्या मातीपासून कन्नड घाटापर्यंत

जळगाव शहरात सामावलेल्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला रथ निघतो. त्या सुमारास खान्देशातली काळी जमीन पहिल्या पावसांत भिजून चिकट झालेली असते. दीड-दोन महिने आधी, मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हात, याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. शेतकऱ्याला यात नवे काही नाही. पण या जमिनीवर घर, नाल्याकाठची भिंत, तळघर किंवा पुलाचा भराव बांधणाऱ्यासाठी हेच दिवस कसोटीचे असतात. आकसलेली माती फुगते, कोरडी माती जड होते, भेगांमध्ये पाणी भरते आणि भिंतीवरचा दाब दुपटीहून जास्त होऊ शकतो.

दर पावसाळ्यात राज्यात कुठे ना कुठे ‘संरक्षक भिंत कोसळली’ अशी बातमी येते. कारण म्हणून मुसळधार पावसाचे नाव घेतले जाते. पाऊस दरवर्षी येतो हे भिंत बांधणाऱ्यालाही ठाऊक असते. मग काही भिंती शंभर वर्षे उभ्या राहतात आणि काही दुसऱ्याच पावसात आडव्या होतात, असे का?

एकाच नावाच्या दोन भिंती

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत ‘संरक्षक भिंत’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या भिंतींसाठी वापरला जातो. एक म्हणजे आवाराची भिंत, म्हणजे कंपाउंड वॉल. तिच्या दोन्ही बाजूंना जमीन सारख्याच उंचीवर असते. तिला स्वतःचे वजन आणि वारा, एवढेच सोसायचे असते. नऊ इंची विटांची, मधे मधे खांब दिलेली भिंत त्यासाठी पुरते.

दुसरी म्हणजे एका बाजूला माती अडवून धरणारी भिंत, रिटेनिंग वॉल. हिच्यावर मातीचा आडवा रेटा दिवसरात्र असतो. दिसायला दोन्ही सारख्या असल्या तरी कामात फार अंतर आहे. दुर्घटना बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची भिंत नकळत दुसऱ्या प्रकारची होते तेव्हा घडतात. आतल्या बाजूला भराव टाकून जमीन उंच केली जाते, किंवा बाहेरच्या बाजूला शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोदकाम होते. भिंत तीच राहते, पण आता तिला माती धरायची असते आणि त्यासाठी ती कधी बांधलेलीच नसते.

२०१९ च्या पावसाळ्याची सुरुवात याच प्रकारच्या बातम्यांनी झाली. २९ जून रोजी पुण्यातील कोंढव्यात सोसायटीची भिंत खाली असलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. भिंतीच्या खालच्या बाजूला नव्या बांधकामाचे काम सुरू होते. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ जुलैच्या मध्यरात्री, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात डोंगरउतारावरच्या जलाशयाच्या आवाराची भिंत झोपड्यांवर पडली. त्यात तीसच्या आसपास माणसे गेली. त्या रात्री मुंबईत अतिशय मुसळधार पाऊस झाला होता आणि उतारावरून आलेले पाणी भिंतीमागे साचले होते. दोन्ही ठिकाणी भिंतीच्या पायथ्याशी राहत होती ती अशी माणसे, ज्यांनी ना भिंत बांधली होती, ना तिची जागा निवडली होती.

माती ढकलते म्हणजे नेमके काय?

कोरड्या वाळूचा ढीग करून पाहिला तर त्याचा उतार साधारण ३० ते ३५ अंशांवर थांबतो. त्यापेक्षा उभा ढीग राहत नाही, कण घसरतात. आता हा ढीग उभा कापून तिथे फळी लावली, तर जो भाग घसरला असता तो फळीवर रेलतो. रिटेनिंग वॉल ही ती फळी. तिला सगळ्या जमिनीचा भार सोसायचा नसतो, घसरू पाहणाऱ्या पाचरीसारख्या तुकड्याचाच रेटा सोसायचा असतो.

हा रेटा वरून खाली वाढत जातो. भिंतीच्या माथ्याशी तो जवळजवळ शून्य असतो आणि तळाशी सर्वांत जास्त. म्हणून जुन्या दगडी भिंती वर निमुळत्या आणि खाली रुंद दिसतात. वजनाचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. चांगल्या निचऱ्याच्या मुरमाचा भराव आहे, त्याचे वजन दर घनमीटरला १.८ टन आणि घसरण्याचा कोन ३० अंश आहे असे धरू. दीड मीटर उंच भिंतीच्या प्रत्येक रनिंग मीटरवर साधारण ०.७ टन रेटा येतो. तीन मीटर उंच भिंतीवर येतो २.७ टन. उंची दुप्पट झाली, रेटा चौपट झाला. भिंतीला उलटवू पाहणारा जोर तर आठपट होतो, कारण रेटा वाढतो आणि तो लागतो ती जागाही वर सरकते.

‘भिंत अजून चार फूट वाढवून घेऊ, वर जागा सपाट होईल’ हे वाक्य म्हणूनच महागात पडते. वरचे चार फूट नवे आणि मजबूत असतात. पडतो तो खालचा जुना भाग.

भिंतीच्या माथ्यामागे काय ठेवले आहे यानेही फरक पडतो. अर्धा-पाऊण मीटर उंच विटांची रास म्हणजे दर चौरस मीटरला साधारण एक टन. अशी रास पसरून लावली तर वरच्या तीन मीटर भिंतीवर आणखी एक टन रेटा वाढतो. भरलेली ट्रॉली किंवा ट्रक मागे लावला तर हिशेब त्याहून पुढे जातो.

त्याच भिंतीमागे पाणी साचले तर?

ही तीन मीटर उंचीची भिंत दगडी बांधकामाची आहे असे समजू. माथ्याला रुंदी अर्धा मीटर, तळाला दीड मीटर, मातीकडची बाजू सरळ आणि बाहेरची उतरती. तिचे वजन दर रनिंग मीटरला सुमारे ७.२ टन भरते.

मागची माती कोरडी असताना ही भिंत उलटायला जेवढा जोर लागेल त्याच्या अडीचपट तिची ताकद आहे. तळाशी घर्षण ०.६ धरले तर घसरण्याविरुद्ध ती १.६ पट सुरक्षित आहे. संकल्पनात उलटण्यासाठी साधारण २ आणि घसरण्यासाठी १.५ पट सुरक्षितता मागतात. म्हणजे भिंत पास झाली.

आता मागे माथ्यापर्यंत पाणी भरले. मातीचे कण पाण्यात असल्याने त्यांचा रेटा कमी होतो, २.७ वरून १.५ टनांवर येतो. पण पाण्याचा स्वतःचा रेटा आहे ४.५ टन. एकूण ६ टन. पाण्याला घर्षण नाही, ते स्वतःच्या पायावर उभे राहत नाही, त्यामुळे त्याचा पूर्ण दाब भिंतीवरच येतो. आता उलटण्याविरुद्धची सुरक्षितता १.१५ पट उरते आणि घसरण्याविरुद्धची ०.७. एकपेक्षा कमी म्हणजे भिंत जागा सोडते. तळाखाली पाणी शिरून वर उचलू लागले तर परिस्थिती याहून वाईट, तो भाग या हिशेबात धरलेलाही नाही.

भिंत तीच, दगड तेच, सिमेंट तेच, गवंडीही तोच. बदलले ते फक्त मागचे पाणी. म्हणून दुर्घटनेनंतर ‘निकृष्ट बांधकाम’ एवढेच कारण शोधणारी चौकशी अपुरी ठरते. उत्तम बांधलेली भिंतही पाणी अडवून बसली तर पडते, उलट ती जितकी घट्ट तितके पाणी जास्त अडते.

बंधारा नव्हे, भिंत

खान्देशाला भिंतीमागचे पाणी नवे नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर, आणि तिच्यासारख्या इतर नद्यांवर, फड पद्धतीचे दगडी बंधारे काही शतकांपासून आहेत. नदीला आडवी भिंत घालून पाणी पाटाने फडांत न्यायचे आणि गावकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायचे, अशी ही व्यवस्था. त्या भिंतींचे कामच पाणी अडवण्याचे आहे, म्हणून त्या तेवढ्या जाड आणि खडकावर बसवलेल्या असतात.

रिटेनिंग वॉलचे काम याच्या उलट आहे. माती धरायची आणि पाणी सोडायचे. अनेक गवंडी मात्र ती बंधाऱ्यासारखी बांधतात. सांधे घट्ट भरतात, दोन्ही बाजूंनी गिलावा करतात, वर वॉटरप्रूफिंगही करतात. भिंतीतून पाणी येताना दिसले की मालक तक्रार करतो, मग गवंडी ती भोके सिमेंटने बुजवतो. खरे तर भिंतीतून येणारे पाणी ही चांगली खूण आहे. पावसात भिंतीची भोके कोरडी राहिली तर काळजी करावी.

शेताच्या बांधावर रचलेली सुक्या दगडांची ताल पाहिली की हे लगेच कळते. तिच्यात चुना नाही, सिमेंट नाही, तरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दगडांच्या फटींतून पाणी आपोआप झिरपून जाते. जाळीच्या पेट्यांत दगड भरून केलेली गॅबियन भिंत हे त्याच तालीचे आजचे रूप आहे. ती थोडी वाकली, खचली तरी एकदम कोसळत नाही, आणि पाणी तर ती अडवूच शकत नाही. नाल्याकाठी आणि घाटरस्त्यांवर ती सगळीकडे दिसते ती याच कारणाने.

काँक्रीटच्या किंवा चुना-सिमेंटच्या दगडी भिंतीत ही सोय मुद्दाम करावी लागते. ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचे पाइप, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, साधारण एक ते दीड मीटर अंतरावर आणि एकाआड एक ओळीत बसवतात. यांना साइटवर वीप होल म्हणतात. पण केवळ पाइप पुरत नाहीत. मागे माती थेट लागली तर एका पावसात ती पाइपात बसते आणि भोक कायमचे बंद होते. म्हणून भिंतीमागे खडी-गोट्यांचा उभा थर, आणि त्या खडीत माती शिरू नये म्हणून कापडासारखे जिओटेक्स्टाइल लावतात. तळाशी छिद्रे असलेला आडवा पाइप टाकून पाणी एका बाजूने बाहेर काढले तर आणखी चांगले. माथ्यावर फरसबंदी किंवा घट्ट थर आणि छोटी पक्की गटार, म्हणजे पावसाचे पाणी मागे मुरण्याऐवजी वाहून जाईल. भिंतीच्या एकूण खर्चात हे सगळे किरकोळ असते, आणि खर्च कमी करायची वेळ आली की सर्वांत आधी हेच गाळले जाते, कारण भराव टाकल्यावर यातले काहीच दिसत नाही.

काळीत काय वेगळे आहे?

मराठीत गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाते. ‘काळी’ म्हणजे शेती आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्ती. वसवायला पांढरी आणि पिकवायला काळी, असा जुना हिशेब होता. खान्देशातल्या गढ्या आणि धाब्याची घरे पांढऱ्या मातीची असत. शहरे वाढली तशी वस्ती काळीवर सरकली. जळगावभोवतीच्या अनेक नव्या कॉलन्या कालपर्यंत कापूस पिकवणाऱ्या जमिनीवर उभ्या आहेत.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि ते फुगते, वाळले की आकसते. कापसाला हे वरदान आहे, कारण माती ओल धरून ठेवते. भिंतीला मात्र शाप. अशा मातीला फुगायला जागा मिळाली नाही तर ती काही ठिकाणी दर चौरस मीटरला १० टनांहून अधिक दाब देऊ शकते. वरच्या उदाहरणात तळाशी मुरमाचा दाब १.८ टन होता, हे लक्षात घेतले की अंतर कळते.

त्यातही मे महिन्याच्या भेगा वेगळे संकट आणतात. भिंतीला समांतर भेग पडली आणि पहिल्या जोरदार पावसात ती पाण्याने भरली, तर आतली माती अजून कोरडी असतानाच पाण्याचा पूर्ण दाब भिंतीवर येतो. संततधार आठवडाभर चालावी लागत नाही. वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जळगावात भिंती का पडतात, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

माती किती फुगते हे पाहण्याची चाचणी सोपी आहे आणि भारतीय मानकात दिलेली आहे. वाळवून चाळलेल्या मातीचे १० ग्रॅमचे दोन नमुने घेतात. एक पाण्याच्या मोजपात्रात, दुसरा रॉकेलच्या. रॉकेलमध्ये ती माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींचे आकारमान पाहतात. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ मिलिलिटर भरली तर फुगवटा ८० टक्के. ५० टक्क्यांच्या वर आकडा गेला की पाया आणि भराव दोन्हींचा वेगळा विचार करावा लागतो. माती परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळेत ही चाचणी सहज होते. लाखोंची भिंत बांधताना ती टाळण्यात काही शहाणपण नाही.

उपाय काय? पहिला आणि स्वस्त उपाय म्हणजे खोदलेली काळी माती परत भिंतीमागे न टाकणे. साइटवर मोह तोच असतो, कारण ती फुकट आणि समोरच पडलेली असते. तिच्याऐवजी मुरूम, खडी किंवा वाळूमिश्रित भराव टाकावा, तोही थराथराने दाबून. या मुरमामागे शास्त्रही आहे. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घकाळ संशोधन केले. न फुगणाऱ्या पण थोडी चिकटण्याची शक्ती असलेल्या मातीचा साधारण मीटरभर थर मधे घातला तर मागची काळी माती फुगण्याचा जोर बराच आटोक्यात येतो, हे त्यांनी दाखवले. हे तंत्र कालव्यांच्या अस्तरीकरणाखाली मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. बऱ्याच प्रकारचा मुरूम या कामाला चालतो.

दुसरा मुद्दा पायाचा. काळ्या जमिनीत ऋतूनुसार होणारी हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोचू शकते. मुरूम किंवा खडक वर असेल तर पाया त्यावर टेकवणे उत्तम. नसेल तर पायाखालची काळी माती काढून मुरूम भरणे किंवा तळाशी फुगीर गोळा असलेले अंडररीम पाइल हे पर्याय आहेत. दोन-अडीच फुटांवर पाया धरलेली भिंत काळीवर उन्हाळ्यात एका बाजूला आणि पावसाळ्यात दुसऱ्या बाजूला हलत राहते. चिरा त्यातून येतात.

कोणती भिंत कुठे?

तीन मीटरपर्यंत उंचीला वजनाच्या जोरावर उभी राहणारी दगडी भिंत किंवा गॅबियन परवडते. त्यावर गेल्यास तिची रुंदी आणि दगड इतका लागतो की आरसीसीची ‘एल’ किंवा उलट्या ‘टी’ आकाराची भिंत स्वस्त पडते. तिची युक्ती अशी की तळाची पट्टी मातीखाली मागे जाते आणि त्या पट्टीवर बसलेली मातीच भिंतीला उलटू देत नाही. साधारण सहा मीटरच्या पुढे मागच्या बाजूने त्रिकोणी पाखे देतात.

महामार्गावरच्या पुलांच्या चढावांना दोन्ही बाजूंनी कोड्याच्या तुकड्यांसारख्या काँक्रीट फरशा बसवलेल्या दिसतात. तिथे फरशी ही भिंत नाहीच. भरावात थराथराने पट्ट्या किंवा जाळ्या पुरलेल्या असतात आणि त्यांच्या घर्षणाने भरावच स्वतःला धरून ठेवतो. फरशी फक्त कडेची माती सांडू देत नाही. फ्रेंच अभियंता आंरी विदाल यांनी १९६० च्या दशकात हे तंत्र आणले. यातही भरावाला निचरा नसेल तर फरशा पोट काढतात.

विहिरीचे उदाहरण मजेशीर आहे. केळीच्या पट्ट्यातल्या जुन्या विहिरींचे दगडी बांधकाम फार जाड नसते, तरी ते खोलवर टिकते. गोल असल्यामुळे चहूबाजूंनी येणारा रेटा दगडांना एकमेकांवर दाबतो, कमानीसारखा. तीच विहीर चौकोनी बांधली तर तेवढ्या जाडीत ती उभी राहणार नाही.

डोंगर धरता येतो का?

पिंप्राळ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, चाळीसगाव आणि कन्नडच्या मधे, कन्नड घाट आहे. औट्रम घाट हे त्याचे दुसरे नाव. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे इथे अतिवृष्टी झाली. तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात घुसले, आणि घाटात अनेक ठिकाणी दरडी कोसळून धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला. खान्देश आणि मराठवाड्याला जोडणारा हा मुख्य रस्ता असल्याने मालवाहतुकीपासून एसटीपर्यंत सगळ्यांना दूरचा वळसा पडला.

घाटात भिंती दोन प्रकारच्या असतात. डोंगराच्या बाजूची भिंत वरून येणारी माती धरते. दरीच्या बाजूची भिंत रस्ताच धरून ठेवते, आणि ती गेली की रस्ता जातो. दोघींचा शत्रू पाणीच. सह्याद्री आणि त्याच्या फाट्यांमध्ये लाव्हाचे थर एकावर एक आहेत. त्यांच्यामध्ये कुठे कुठे मऊ तांबड्या मातीचा पट्टा असतो, वर झिजलेला मुरमाड खडक आणि दगडगोटे. पाणी भेगांतून उतरते, मऊ पट्ट्यावर अडते आणि वरचा भाग सुटतो. रस्त्याकडेची गटार दगडांनी बुजलेली असेल तर पाणी रस्ता ओलांडून दरीच्या भिंतीमागे शिरते. म्हणजे मे महिन्यात गटार साफ करणे हे घाटातले स्वस्त आणि परिणामकारक काम ठरते, जरी त्याचे उद्घाटन कोणी करत नसले तरी.

उतार स्थिर ठेवण्याच्या कामात भिंत खरे तर शेवटी येते. आधी वरच्या कडेला पक्की चर काढून पाणी बाजूला न्यायचे. मग उतार सौम्य करायचा किंवा पायऱ्या पाडायच्या. सैल दगड काढायचे. खडकाला आडवी भोके पाडून आतले पाणी बाहेर काढायचे. गरज असेल तिथे लोखंडी सळया ठोकून जाळी लावायची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळल्यानंतर घाटातल्या कड्यांवर मोठ्या प्रमाणावर अशा जाळ्या दिसू लागल्या. मातीच्या उतारावर वाळ्याचे गवत उपयोगी पडते. त्याची मुळे सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि वरचा थर शिवल्यासारखा धरतात. पण मुळे जातात तेवढ्याच खोलीचे काम ती करतात, खोलवरून सरकणाऱ्या डोंगराला गवत थांबवत नाही.

‘वर चर काढा’ हा सल्ला पाणलोटाच्या सल्ल्याशी गल्लत करून घेण्यासारखा नाही. पाणी मुरावे म्हणून काढलेली समतल चर पाणी थांबवते. घसरू शकणाऱ्या उताराच्या वर नेमके तेच नको असते. तिथली चर पक्की, उताराची आणि पाणी दूर नेणारी हवी.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, १५१ जणांचा जीव गेला. अशा आकाराच्या दरडीसमोर कोणतीही भिंत टिकत नाही. तिथे प्रश्न भिंतीचा नसून माणसांना वेळेत हलवण्याचा असतो.

सपाट खान्देशात धोका कुठे?

डोंगर नाही म्हणून धोका नाही, असे नाही. तापीच्या दोन्ही काठांना गाळाची जाड माती आहे आणि नाल्यांनी ती खोल कापलेली आहे. शहरात पाइपलाइन आणि भुयारी गटारींसाठी चर खोदले जातात. चिकण माती खोदल्यावर पहिले काही दिवस भिंतीसारखी उभी राहते. हेच फसवे असते. कापलेली कडा सुटी झाल्यावर हळूहळू पाणी शोषते, वर भेग पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कधी दोन तासांत, ढासळते. एक घनमीटर माती म्हणजे १.८ टन. कमरेपर्यंत गाडला गेलेला मजूर स्वतःहून निघू शकत नाही आणि छातीवर माती आली तर श्वास घेता येत नाही. साधारण दीड मीटरपेक्षा खोल चरात आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय किंवा कडा उतरत्या केल्याशिवाय माणूस उतरवू नये, आणि काढलेली माती चराच्या कडेलाच रचू नये. काल उभी होती म्हणून आज उभी राहील, हा तर्क मातीला लागू होत नाही.

पावसाआधी भिंतीत काय पाहावे?

यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. ओळंबा सोडून भिंत किती झुकली आहे ते मोजावे आणि आकडा तारखेसह लिहून ठेवावा. नव्या भिंतीने बांधल्यावर काही मिलिमीटर पुढे येणे अपेक्षित असते. मातीचा रेटा तेवढ्या हालचालीनंतरच कमीत कमी होतो, म्हणून अनेक भिंती मुळातच किंचित मागे कललेल्या बांधतात. चिंता आहे ती दर महिन्याला वाढत जाणाऱ्या झुकावाची.

भिंतीचे पोट मधे फुगले आहे का, खालच्या तिसऱ्या भागात आडवी चीर आहे का, पाइपांची भोके माती, मुळे किंवा गिलाव्याने बुजली आहेत का, तेही पाहावे. नंतर वर जावे. माथ्यामागच्या जमिनीत भिंतीला समांतर भेग असेल तर ती सर्वांत गंभीर खूण, कारण घसरू पाहणारी पाचर तिथून सुटायला लागलेली असते. वरच्या नळाची, सेप्टिक टँकची किंवा टाकीची गळती भिंतीमागे मुरते का, हेही बघावे. अशी गळती उन्हाळ्यातही भिंत ओली ठेवते.

बुजलेली भोके उघडता येतात आणि नवीनही पाडता येतात. माथ्यामागचा विटा-वाळूचा साठा हलवता येतो. पाणी दुसरीकडे वळवता येते. भेगेवर प्लॅस्टिक टाकून किंवा मुरमाने ती बंद करून पहिल्या पावसाचे पाणी आत जाणे रोखता येते. हे सारे तात्पुरते उपाय आहेत. भिंत पायातूनच झुकत असेल तर समोरून दगडांचा किंवा गॅबियनचा आधार रचणे, नाहीतर मागची माती उतरवून भिंत नव्याने बांधणे, हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय करू नये. झुकलेल्या भिंतीचा पाया उघडून ‘मजबूत’ करायला जाणे धोक्याचे आहे, कारण समोरची जी माती तिला घसरू देत नव्हती तीच त्यात निघून जाते.

सोसायटी किंवा कॉलनीने शेजारी तळघराचे खोदकाम सुरू होताना भिंतीचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत आणि खोदकामाच्या कडेला आधाराचा आराखडा आहे का ते लेखी विचारावे, एक प्रत महापालिकेला द्यावी. भिंतीच्या पायथ्याशी मजुरांच्या खोल्या असतील तर पावसाळ्यापुरत्या त्या भिंतीच्या उंचीच्या किमान दीडपट दूर हलवाव्यात. तीन मीटर उंच भिंतीसाठी हे अंतर होते साडेचार मीटर.